प्रपंचांतील विज्ञान : गाडींतला गलबला

घरांत वडील मंडळी बोलूं लागली म्हणजे आपण दूरचित्रवाणीचा आवाज कमी करतों, मुलांना गप्प बसवितों, प्रसंगीं पंखाहि बंद करतों. तीच मंडळी आपल्या गाडींत मागच्या आसनावर जाऊन बसली म्हणजे त्यांचें बोलणें पुढें ऐकूं येतें कीं नाहीं, याची चौकशी मात्र आपण करीत नाहीं. आम्हींहि ती कधीं केली नव्हती. ती करणें कसें भाग पडलें, हें आधीं सांगितलें पाहिजे.

आमच्या चिरंजिवांस गडकिल्ल्यांचा नाद आहे. त्यापायीं त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं डोंगरवाटेनें जाणारी, चारी चाकांना इंजिनाचें बळ पोहोंचविणारी एक उंच गाडी घेतली. चिखलांत रुतूं नये म्हणून तिला मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर चढविले, आणि टपावर सामानासाठीं लोखंडी कॅरियर बसविला. याच गाडींतून गेल्या चैत्रांत आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटानें हरिहरेश्वरास कुलदैवताच्या दर्शनास निघालों होतों. पुढें चिरंजीव व आम्ही. मागें ८२ वर्षांच्या मातोश्री, आणि त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपलेली आमची नात. माणगांवच्या पुढें गेल्यावर आम्हीं सहज मागें वळून पाहिलें, तों मातोश्री डोळे मिटून, पदर तोंडाशीं धरून बसलेल्या. गाडी थांबविली, पाणी दिलें, तोंडांत आवळासुपारी दिली. जरा हुषारी आल्यावर त्या म्हणाल्या, “घाटांतच मळमळायला लागलं होतं रे. खालीं उतरल्यावर तीनदां हांक मारली तुला. मग म्हटलं, राहूं दे. तुमच्या या रथांत शंख फुंकला तरी कुणाला ऐकूं यायचा नाहीं.”

त्यांच्या बोलण्यांत राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. राग नव्हता. हांक मारून उपयोग नाहीं, हें त्यांनीं निमूटपणें मान्य करून टाकलें होतें. त्या दिवसापासून गाडींतला आवाज हा आमच्या दृष्टीनें चैनीचा प्रश्न उरला नाहीं.

या जातीच्या गाड्या मुळांतच गलबला करणाऱ्या कां, हें समजण्यास त्यांचें कूळ पाहावें. त्यांचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील जीप. विलिज व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं १९४१ ते १९४५ या काळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. समोरची कांच उभी व बॉनेटवर आडवी पाडतां येणारी, छत कापडाचें, आणि दारें मुळींच नाहींत. बसणारे सैनिक, त्यांच्या गप्पागोष्टींची सोय करण्याचें कारखानदारांस कांहींच कारण नव्हतें. आज या वंशांतल्या गाड्यांना दारें आलीं, कांचा आल्या, थंड हवेचें यंत्र आलें. परंतु उभी कांच, चौकोनी अंग, बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या आणि पुष्कळदां काढतां येणारें छत, हीं कुळाचीं लक्षणें कायम आहेत. वाऱ्याला वाट करून देण्याऐवजीं या गाड्या त्याला छातीवर घेतात.

हा गलबला सर्वांत अधिक बाधतो तो वृद्धांस. वार्धक्यांत श्रवणशक्ति प्रथम उंच पट्टींत क्षीण होते. आपल्या बोलण्यांतील आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टींतले व जोरकस. स, त, क, फ या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश मात्र वरच्या पट्टींतला व नाजूक असतो. गाडीची घरघर मुख्यतः खालच्या पट्टींतली. आणि खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजास जितका झांकतो, तितका वरचा खालच्यास झांकीत नाहीं. म्हणून पुढें बसलेल्या तरुणास जी घरघर केवळ कंटाळवाणी वाटते, ती मागच्या आजीबाईंच्या कानांतून शब्दांचीं व्यंजनेंच काढून घेते. श्रवणयंत्र लावलें तरी तें शब्दाबरोबर थोडी घरघरहि वाढवितेंच.

आतां हा आवाज येतो कोठून? एक, टायरांतून. टायरचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खांचांमध्यें कोंडलेली हवा दाबली जाऊन निसटते, आणि टायरची भिंत थरथरते. यांतला कांहीं भाग हवेंतून कानांवर येतो. कांहीं भाग आंस, स्प्रिंगा व सांगाडा या वाटेनें वर चढून जमिनीचा व दारांचा पत्रा ढोलकीसारखा हालवितो. दुसरा, वाऱ्यांतून. उभ्या कांचेच्या दोन्ही कडांवरून वारा सुटतांना भोंवरे उठतात व ते बाजूच्या कांचांवर आदळतात. शिवाय गाडी वेगांत असतां बाजूच्या कांचांबाहेर हवेचा दाब उतरतो, दाराची वरची कड किंचित् बाहेर ओढली जाते, रबरी बीडिंग सैल पडतें, आणि त्या फटींतून शीळ आंत शिरते. तिसरें अर्थातच इंजिन. पण सपाटीवर, वरच्या गिअरांत त्याची तक्रार बहुधा या दोघांच्या खालींच राहते.

उपाय करण्यापूर्वीं एक हिशेब समजून घेणें अवश्य आहे. आवाज डेसिबेल या मापानें मोजतात, आणि या मापाची बेरीज-वजाबाकी वाण्याच्या हिशेबासारखी नाहीं. सारख्या जोराचे दोन आवाज चालू असतां त्यांतला एक समूळ बंद केला तर एकूण माप फक्त ३ डेसिबेल उतरतें, आणि एवढा फरक कानास जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाला असें वाटावयास सुमारें १० डेसिबेल उतार पडावा लागतो. टायरचा आवाज ७५ व वाऱ्याचा ६५ असेल, तर वारा पूर्णपणें थांबवूनहि एकूणांत अर्धा डेसिबेलसुद्धां कमी होत नाहीं! यावरून नियम असा निघतो कीं, जो सर्वांत मोठ्यानें ओरडतो त्याला आधीं गप्प करावें. पुष्कळ लोक हजारों रुपये खर्चून हात हालवीत परत येतात, याचें कारण त्यांनीं हळू बोलणाऱ्याचें तोंड दाबलेलें असतें.

आम्हांसहि एका दुकानदारानें सबंध गाडीस आंतून जाड अस्तर चिकटविण्याचा सल्ला दिला होता. तो बाजूस ठेवून आम्हीं प्रथम ऐकण्याचें काम केलें. रस्ता एकच, वेग एकच, कांचा बंद, हवेचा पंखा बंद. ऐकणारानें गाडी हांकूं नये. हांकणारानें रस्त्याकडेच लक्ष द्यावें. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागतांच आवाजाची जात बदलली, तर तो टायरचा समजावा. समोरून वारा आला कीं वाढला व रस्ता बदलूनहि तसाच राहिला, तर तो वाऱ्याचा. वेग तोच ठेवून गिअर बदलतांच सूर बदलला, तर तो इंजिनाचा. फटींचा शोध घ्यावयाचा तर सांध्यांवर रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावावी, पण एका वेळीं एकच सांधा. सगळे एकदम झांकले तर दोषी कोण तें कळत नाहीं. दाराच्या बीडिंगची परीक्षा त्याहून सोपी आहे. दारांत दहा रुपयांची नोट धरून दार लावावें व नोट ओढावी. ती जेथें अडून येते तेथें बीडिंग ठीक. जेथें अलगद निसटते तेथें फट.

आमच्या तपासांत दोषी ठरले ते क्रमानें टायर, कॅरियर आणि मागच्या उजव्या दाराचें बीडिंग. चिखलाचे टायर ज्यांस नित्य शेताबांधावरून जावें लागतें त्यांना हवेच. आम्ही वर्षांतून फार तर चार दिवस चिखलांत जातों आणि उरलेले दिवस त्या चार दिवसांचा आवाज ऐकतों, हें चिरंजिवांनींच कबूल केलें. त्यांनीं बारीक व असमान अंतरांवर कापलेल्या नक्षीचे टायर घातले. ठोकळे सारख्या अंतरावर असले म्हणजे एकच सूर घुमतो. अंतर असमान केलें कीं तो सूर विखुरतो. टायर असमान झिजले तरीहि घुमतात; म्हणून त्यांच्या जागा वेळोवेळीं आलटून पालटून घ्याव्या, व हवा कारखान्यानें सांगितलेल्या मापाचीच ठेवावी.

कॅरियरची हकीकत मौजेची आहे. गोल दांडीवरून वारा वाहूं लागला म्हणजे तिच्यामागें एकाआड एक भोंवरे सुटतात व त्यांचा सूर निघतो. वाऱ्याच्या वेगाला दांडीच्या जाडीनें भागावें व उत्तराचा पांचवा हिस्सा घ्यावा, म्हणजे त्या सुराची दर सेकंदाची कंपनसंख्या साधारणपणें मिळते. ताशीं ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर. दांडी अडीच सेंटिमीटर जाडीची. उत्तर येतें २००. गाणाऱ्या स्त्रियांचा षड्ज बहुधा याच्याच आसपास असतो. आमचा कॅरियर अक्षरशः षड्ज लावून बसत होता. फरक इतकाच कीं, त्यापुढें गाणें नव्हतें. दांडीभोंवतीं दोरी मळसूत्री गुंडाळली तर भोंवरे विस्कटतात व सूर मोडतो. गाडीच्या एरियलवर मळसूत्री तार दिसते ती यासाठींच. पण कामाखेरीज कॅरियर उतरवून ठेवणें हा त्याहून सोपा उपाय, व तोच आम्हीं केला. बीडिंग नवें बसविलें. भिंत कितीहि जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, कीं ती भिंत २० डेसिबेलांहून अधिक आवाज अडवूं शकत नाहीं. म्हणून फटी बुजविल्याखेरीज अस्तराचा विचारच करूं नये.

अस्तराचें काम शेवटचें. यांत तीन निरनिराळे माल आहेत व त्यांचीं कामें निरनिराळीं आहेत. डॅम्पिंग शीट म्हणून जो मिळतो तो ब्यूटाइल रबराचा चिकट तक्ता, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. तो पत्र्याची थरथर मारतो, आवाज अडवीत नाहीं. म्हणून सबंध पत्रा मढविण्याची गरज नसते, मधल्या तिसऱ्या हिश्श्यावर नीट दाबून बसविला तरी पुष्कळ काम होतें. आवाज अडविण्यास वजन लागतें; वजन दुप्पट केलें कीं सुमारें ६ डेसिबेल अधिक अडतात. त्यासाठीं जमिनीवर व चाकांच्या कमानींवर भारी रबरी थर घालतात, आणि पत्र्याची थरथर त्यास लागूं नये म्हणून मध्यें फोम ठेवतात. तिसरा माल नमद्यासारखा. तो आंत आलेला आवाज शोषून घेतो. उघड्या छताच्या आंतल्या बाजूस त्याचा विशेष उपयोग होतो.

मात्र कोंकणांत जाणाऱ्यांनीं येथें सावध राहावें. दारांच्या तळाशीं पावसाचें पाणी वाहून जाण्याचीं भोकें असतात, तीं अस्तराखालीं गेलीं तर दार आंतून कुजतें. जमिनीवर पाणी पिणारा नमदा घातला तर पहिल्याच श्रावणांत वास व बुरशी येते, आणि खालीं गंज चढतो. तेथें पाणी न शोषणारा, बंद पेशींचाच फोम हवा. हवेच्या पिशव्या जेथून उघडतात त्या जागा, विजेच्या तारांचे जोड आणि मागची हवा बाहेर जाण्याची झडप यांना हात लावूं नये. आणखी एक सांगितलें पाहिजे. मोठा आवाज गेला कीं त्याखालीं दडलेले खडखडाट वर येतात. त्यावरून गाडी बिघडली असें समजूं नये. ती आतां कोठें ऐकूं येऊं लागली आहे.

सर्वांत स्वस्त उपाय मुद्दाम शेवटीं सांगतों, कारण तो आधीं सांगितला तर कोणी पुढें वाचीत नाहीं. वाऱ्याच्या आवाजाची शक्ति वेगाच्या जवळजवळ सहाव्या घाताच्या प्रमाणांत वाढते. ताशीं १०० वरून ८० वर आलें कीं ती चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते, म्हणजे वाऱ्याचा आवाज सुमारें ६ डेसिबेल उतरतो. यासाठीं पदरचें किती जातें? ५० किलोमीटरांच्या सपाटीवर साडेसात मिनिटें. घरांत वडिलांचें बोलणें ऐकून घेण्यास आपण याहून अधिक वेळ देत असूं, अशी आम्हांस आशा आहे. बाहेरचे भोंगे व रुग्णवाहिकेची हांक ऐकूं येणें मात्र राहिलेंच पाहिजे. गाडीची तिजोरी करावयाची नाहीं.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां त्याच वाटेनें गेलों. गाडी आजहि कांहीं मोठी शांत नाहीं. जीपचें कूळ असें चार महिन्यांत बदलत नसतें. परंतु माणगांवपासून पुढें मातोश्री नातीला आपल्या लहानपणच्या बैलगाडीच्या प्रवासाची हकीकत सांगत होत्या, ती पुढें बसून आम्हीं शब्दन्‌शब्द ऐकली. त्यांतली निम्मी आम्हांसहि नवीन होती. म्हसळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला शहाळीं दिसलीं, तशा त्या नेहमींच्या आवाजांत म्हणाल्या, “जरा थांबव रे.”

गाडी एका हांकेंत थांबली.