लाल बटण कोणाच्या हाती?

1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीने ज्यांना पोसले नाही, असे तरुण या यंत्रांपुढे येऊन उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वैभवाचे गोडवे गाताना त्या यंत्रांवर गमावलेल्या बोटांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

लोखंडी सळ्या कापणारी यांत्रिक करवत घ्या. गार्ड उघडताच पाते थांबावे. दोन बटणे दोन्ही हातांनी दाबल्याखेरीज ते खाली येऊ नये. गेलेली वीज परतली तरी यंत्र आपोआप सुरू होऊ नये. आणि धोक्याच्या क्षणी लाल बटण हाताशी असावे. यात गूढ असे काहीच नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने आणीबाणीत वीज तोडण्याची साधने बंधनकारक केली होती. चुकून चालू होऊ शकणारा स्विच बंद स्थितीत अडकवून ठेवण्याची सोयही 1976 च्या दुरुस्तीने सक्तीची केली.

मग दोनपैकी एक बटण पाचर मारून कायमचे दाबून का ठेवले जाते? गार्डच्या स्विचला तार जोडून तो निकामी का केला जातो? कारण उघड आहे. पाळीचा कोटा ठरविताना गार्ड उघडण्या-लावण्याचा वेळ धरलेलाच नसतो. कोटा भरला नाही तर कंत्राटी कामगाराला उद्याचे काम नाही. गार्ड काढणारा हात कामगाराचा असेल. तो काढावयास लावतो तो कोटा!

बोट तुटले की निष्कर्ष मात्र तयार असतो : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. 1923 च्या भरपाई कायद्याने तर्जनी गमावणे म्हणजे कमाईक्षमतेची 14 टक्के हानी, अंगठा गमावणे म्हणजे 30 टक्के, असा दर ठरविला. त्याच कायद्याने मालकाला पळवाटही दिली. कामगाराने सुरक्षासाधन जाणूनबुजून काढले असे ठरले, तर मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्याखेरीज भरपाई नाही. म्हणजे बोट गेलेला कामगार रिकाम्या हाताने घरी! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही वाट बुजविली नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहिता लागू झाल्या. विजेवर चालणाऱ्या पण 20 पेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपला त्यांनी ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर ठेवले. महाराष्ट्राने तो मार्ग 2015 मध्येच दाखविला होता. निरीक्षकाच्या पदनामाला आता ‘सुविधाकार’ ही शेपटी जोडली आहे. सुविधा कोणाची, हे सांगावयास नकोच.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. कोटा गार्ड लावूनच ठरला पाहिजे. लाल बटण दाबणाऱ्याची मजुरी कापता कामा नये. कामगाराला दोषी ठरविण्यापूर्वी मालकाने त्या पाळीच्या कोट्याचे कागद पुढे ठेवले पाहिजेत. यंत्र थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याच्या माथी यंत्राचा अपराध मारणे हा न्याय नव्हे.