विक्रीखत आणि रूपांतर

'मूळ कृतीशी निष्ठा' हा रूपांतरित चित्रपटाचा एकमेव निकष मानण्याची सवय मराठी समीक्षेला अद्याप सुटलेली नाही. या निकषावर मायकेल विंटरबॉटम यांचा 'द क्लेम' (२०००) पहिल्याच फेरीत बाद होतो. टॉमस हार्डी यांच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' (१८८६) या कादंबरीतील वेसेक्स येथे नाही, धान्याची पेठ नाही. आहे ते १८६७ मधील सिएरा नेवाडा, बर्फ आणि सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले गाव. उरते एवढेच, की एका पुरुषाने बायको आणि तान्ही मुलगी विकली.

परंतु विक्रीचा मोबदलाच बदलला आहे, हे निष्ठावाद्यांच्या ध्यानात येत नाही. हेंचर्ड दारूच्या नशेत पाच गिनींना पत्नी विकतो. त्या पाच गिनींवर त्याचे पुढील वैभव उभे राहत नाही. म्हणूनच समीक्षेला त्या कृत्यात 'स्वभावदोष' शोधून शोकात्मिकेच्या चौकटीत सुखाने बसता आले. डिलनला मात्र पत्नीच्या बदल्यात खाणीवरचा हक्क मिळतो. पाप भांडवल होते, आणि सारे गाव त्या व्यवहारावर वसते. कादंबरीने सुटे ठेवलेले दोन धागे येथे गाठले गेले आहेत. याला विपर्यास म्हणायचे की वाचन?

डहाणू-तलासरीच्या संदर्भात हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये नोंदवलेली लग्नगडीची पद्धत अभ्यासकांना अपरिचित नसावी : लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा वारली पत्नीसह त्याच्या दारी राबू लागे, आणि कर्ज कधी फिटत नसे. येथे पतीने पत्नीला विकलेले नाही. विवाह हेच दोघांचे विक्रीखत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा त्यांनी कोणाचा स्वभावदोष दुरुस्त केला नव्हता. हार्डीचे नाव घेताच पेंडशांचे कोकण आठवणाऱ्या आपल्या तौलनिक अभ्यासाला हा प्रदेश कधी आठवला नाही, याचे कारण 'प्रादेशिकता' म्हणजे निसर्ग आणि बोली, अशी त्याने करून घेतलेली सोयीस्कर समजूत. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिच्यात बसत नाही.

साम्यालाही मर्यादा आहेच. डिलन विकणारा आहे, लग्नगडी विकला गेलेला. पहिल्याच्या पश्चात्तापावर चित्रपट उभा राहतो, दुसऱ्याला पश्चात्ताप करण्याजोगे काही नाही.

खरी तडजोड चित्रपटाने अन्यत्र केली आहे. हार्डीच्या कादंबरीत विकलेली मुलगी केव्हाच मेलेली असते. परत आलेली एलिझाबेथ-जेन खरेदीदार खलाशाची असते. विकलेले परत मिळत नाही, हा त्या कादंबरीतील सर्वांत निर्दय आघात. चित्रपटातील होप मात्र डिलनचीच मुलगी निघते. हार्डीने पित्याला जे नाकारले, ते विंटरबॉटम यांनी त्याला बहाल केले. निष्ठेचा आग्रह धरायचाच तर तो येथे धरायला हवा होता. पण निष्ठावाद्यांचे लक्ष बर्फाकडे होते.