लुंगी उंबरठ्याच्या आतच का?

सरळ मुद्द्यावर येतो. मी पुरुष आहे, मुरबाड तालुक्यातल्या धसईत राहतो आणि मार्गशीर्ष ते माघ घोट्यापर्यंतचा जाड लोकरीचा स्कर्ट घालतो. कमरेला रुंद पट्टा, पुढे एकावर एक येणारी घडी, आत मोबाइल मावेल एवढा खिसा. कोणाची नक्कल करत नाही, रील बनवत नाही, नवस फेडत नाही. आवडतो आणि ऊब देतो, म्हणून घालतो.

यावर येणारी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "थंडी वाजते तर पँट घाल ना!"

आधी थंडीचंच बोलू. ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना लोकल, घाम आणि खाडीचा वास आठवतो. आमचा भाग तसा नाही. गोरखगडाला जाणारे ट्रेकर धसईवरूनच पुढे देहरीला जातात. डोंगर इतका जवळ आहे. भात कापून खळ्यावर आलं, मोकळ्या शेतात वाल उगवून आला, की पहाटे बांधावर दव असतं आणि दारोदारी शेकोटी पेटते. म्हशाची जत्रा भरते ती पौष पौर्णिमेला, आणि तिथे बैलांइतकंच घोंगड्यांचं नाव असतं. घोंगडीचा बाजार उगाच भरत नाही.

अशा पहाटेला लांब, घेरदार लोकरीचा कपडा पँटपेक्षा उजवा ठरतो. सैल कपड्याच्या आत हवा अडकते आणि ती अंगाच्या उष्णतेने गरम राहते. आत थर्मल घातलं तरी पाय आवळत नाहीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पिऊनही ओली लागत नाही. शेकोटीपाशी उकिडवं बसा, ओट्यावर मांडी घालून बसा, गुडघ्यात काच बसत नाही. घ्यायचाच असेल तर कापड जड घ्या, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. लांबी घोट्याच्या चार बोटं वर ठेवा, म्हणजे चिखल लागत नाही. आणि खिसा मागून घ्या. बाइकवर मात्र मी पँटच घालतो, कारण चेनमध्ये घेर अडकला तर पाय जाईल.

पण इथेच एक सापळा आहे. थंडीचं कारण पुढे केलं की लोक माफ करतात. "हं, थंडी वाजते बिचाऱ्याला." डॉक्टरने सांगितलंय म्हटलं तर आणखी लवकर माफ करतील. मला ही माफी नकोय. माझं भांडणच या माफीशी आहे.

आपल्याकडे पुरुषाच्या पायघोळ कपड्याला मुळात बंदी नाहीच. त्याला परवाना लागतो. नीट पाहिलं तर हे परवाने मोजता येतात.

पहिला परवाना घराचा. धसईत रात्री आठनंतर चक्कर मारा. ओट्याओट्यावर लुंगी दिसेल. दिवसभर पँटीत वावरलेला माणूस घरी आला की आधी लुंगी गुंडाळतो आणि मगच चहा मागतो. म्हणजे आरामाचा कपडा कोणता, हे प्रत्येकाच्या कमरेला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच लुंगीला दोन चुण्या घातल्या, पट्टा शिवला आणि उंबरठा ओलांडला, की ती 'बायकी' होते. उंबरठ्यात असं काय आहे, की कापडाचं लिंग बदलतं?

दुसरा परवाना देवाचा. थंडीत पहाटे दारात वासुदेव येतो. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या आणि अंगात घोळदार पायघोळ झगा. त्याला कोणी बायल्या म्हटल्याचं ऐकलंय? गोंधळी लांब झगा घालून अंबाबाईचा गोंधळ घालतो. पोतराज रंगीत चिंध्यांचा घागरा घालतो आणि अंगावर आसूड ओढून घेतो. त्याच्या बाबतीत माझा सूर वेगळा आहे. ती प्रथा दलितांवर लादली गेली आणि तिच्याविरुद्ध लढे झाले, ते रास्तच होते. पण विचित्रपणा पाहा : लादलेला घागरा समाजाला चालला, स्वतःहून निवडलेला चालत नाही.

तिसरा परवाना रंगमंचाचा. बालगंधर्वांच्या साड्या आणि शालू महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. कोकणातल्या दशावतारात आजही पुरुष स्त्रीपार्ट करतो आणि गाव रात्रभर जागून पाहतं. मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवीचं सोंग पुरुषच नाचवतो. पडदा पडला की मात्र सगळ्यांनी पँट घालून घरी जायचं.

चौथा परवाना वयाचा. सत्तरीच्या म्हाताऱ्याने पंचा गुंडाळून चावडीवर बसावं, तो 'जुनं माणूस' ठरतो. पंचविशीच्या पोराने तेच केलं, तर बापाला बोलावून घेतात.

देव, नाटक, घर, म्हातारपण. या चारांपैकी काहीही पाठीशी नसताना, भर दुपारी, शुद्धीत, आवडीने घातला तर? तिथे आपली सगळी समृद्ध परंपरा संपते आणि वॉट्सॲपचा ग्रुप सुरू होतो.

"पण ही आपली संस्कृती नाही," असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास उघडावा. शिवाजी महाराजांची जुनी चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतला पोशाख म्हणजे जामा : वर अंगासरशी, कमरेला शेला बांधलेला, खाली घेरदार. आत विजार असते, मान्य. पण घेर हा घेरच असतो, आणि त्या घेराने कोणाच्या पराक्रमाला बाधा आली नाही.

आणि पँट ज्यांच्याकडून आली, त्यांचं काय? १८५७ साली लखनौवर चालून आलेल्या इंग्रजी फौजेत ९३वी हायलँडर्स ही पलटण होती. तिचे सैनिक किल्ट घालून लढत होते. पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. याच किल्टवर इंग्रजांच्या पार्लमेंटने १७४६ साली कायद्याने बंदी घातली होती, कारण स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांनी बंड केलं होतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. ही बंदी उठली १७८२ मध्ये. सत्तेला कपड्याची भीती वाटते ती अशी. भूतानमध्ये तर पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा 'घो' हा राष्ट्रीय पोशाख आहे. हिमालयाच्या थंडीत त्याखाली लांब मोजे चढवतात आणि कामाला लागतात.

आपल्याकडे या भीतीला राजकारणाचीही फोडणी मिळाली. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि मुंबईत 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' अशी घोषणा गाजली. रोख दाक्षिणात्यांवर होता, पण मार खाल्ला कपड्याने. लुंगी म्हणजे परका, लुंगी म्हणजे हास्यास्पद, हे समीकरण मराठी पोरांच्या डोक्यात तिथून पक्कं बसलं. गंमत म्हणजे घोषणा देणाऱ्यांपैकी कितीतरी जण रात्री घरी जाऊन लुंगीच गुंडाळत असतील.

आता एक आक्षेप, जो मी गंभीरपणे घेतो. माझ्या एका कातकरी मित्राने तो तोंडावर घेतला. तो म्हणाला, "तुला स्कर्टची हौस आहे. माझ्या आज्याच्या अंगावर लंगोटीच होती. पँट आम्ही कमावलीय." हे खरं आहे. या देशात कोणी किती कापड घालायचं, हे जात ठरवत आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की अस्पृश्यतेची खूण असलेली आखूड साडी नेसू नका, इतर बायकांसारखी पूर्ण नेसा. कपडा बदलणं हे तिथे बंड होतं. ज्याने पँट कमावली, त्याने ती मानाने घालावी. मी कोणाची पँट उतरवायला निघालेलो नाही. पण महाडच्या त्या भाषणातून मी जे घेतो ते हे : अंगावर काय असावं हे अंगाच्या मालकाने ठरवावं, गावाने नाही. मित्राला हे पटलं की नाही, मला माहीत नाही. चहाचे पैसे मात्र त्याने दिले.

राहिला तो शब्द : 'बायकी'. ही शिवी आहे असं आपण धरूनच चालतो. आमच्याकडे भातकापणीला बायका साडी खोचून पहाटेच शेतात उतरतात, भारे डोक्यावरून खळ्यावर आणतात आणि घरी येऊन चूल पेटवतात. त्यांच्यासारखं दिसणं हा अपमान कसा झाला? ज्या तोंडातून मला 'बायल्या' ऐकू येतं, त्याच तोंडातून जीन्स घातलेल्या मुलीला 'जास्तच शहाणी' ऐकू येतं. पहारेकरी एकच आहे, फक्त दोन दारांवर उभा राहतो.

मला टोमणे झेपतात. टेलरने माप घेताना विचारलं, "बहिणीचा हाय का?" मी म्हटलं, "नाय, माझाच." त्याने दोन क्षण पाहिलं आणि विचारलं, "नाडी घालू का हूक?" यापेक्षा सभ्य उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. एसटी स्टँडवर एक मावशी म्हणाल्या, "काय रे बाबू, पँट वाळत घातलीस का?" सगळे हसले, मीही हसलो. एवढ्याने कोणी मरत नाही.

पण सगळे माझ्या वयाचे नसतात. ओळखीतल्या एका अकरावीच्या मुलाने कॉलेजच्या कार्यक्रमात लांब घेराचा स्कर्ट घातला. नाटकात नव्हे, प्रेक्षकांत बसताना. कोणीतरी व्हिडिओ काढला, त्यावर गाणं चढवलं आणि रात्रीपर्यंत तो तीन गावांच्या ग्रुपवर फिरला. पोरगा दोन आठवडे घराबाहेर पडला नाही. शिक्षकांनी समजूत घातली ती त्याचीच : "कशाला असं काही घालायचं?" व्हिडिओ काढणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. हा लेख मी त्या पोरासाठी लिहितोय. तो मुलगा कोण आहे, त्याला कोण आवडतं, हे मला ठाऊक नाही आणि कोणी विचारायचं कारणही नाही. तो ट्रान्स असेल, नसेल. त्याला फक्त तो कपडा आवडला असेल. तिन्ही बाबतींत उत्तर एकच आहे.

आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की पेहरावातून स्वतःची लिंगओळख व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. म्हणजे जे संरक्षण तुमच्या स्टेटसला आहे, तेच माझ्या स्कर्टला आहे.

धसईचं नाव पेपरात आलं होतं ते डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून. मंत्री आले, दुकानात स्वाइप मशिनं आली. वडापावला कार्ड चालेल, हे आम्ही मान्य केलं. जे गाव पैशाचा आकार बदलू शकतं, ते कपड्याचा आकार पाहून दचकतं, हे मला मान्य नाही. गावाला नवं नको असतं, हे खोटं आहे. वरून आलेलं नवं चालतं. शेजारच्या पोराने आणलेलं चालत नाही, एवढंच.

म्हणून तुम्ही, जे हा लेख मोबाइलवर, बहुतेक लुंगी किंवा बर्मुडा घालून, पांघरुणात वाचताय, त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. स्कर्ट घाला असं मी म्हणत नाही. पुढचा असा व्हिडिओ ग्रुपवर आला, की तो पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा, की यात हसण्यासारखं नेमकं काय आहे. उत्तर टाइप करायला त्याला वेळ लागेल. लागू द्या.