सेव्हन आयर्नवरचा आकडा खोटा आहे

सेव्हन आयर्न नावाची ठरावीक वस्तू आता उरलेली नाही. दुकानात मिळते, खाली ७ कोरलेला असतो, पण त्या ७चा अर्थ प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने लावते. कंपनी कशाला, एकाच कंपनीची दोन मॉडेलंसुद्धा वेगवेगळा लावतात.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्लबचा चेंडूवर आदळणारा चेहरा उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, तो कोन म्हणजे लॉफ्ट. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. कमी असेल तर खालून लांब जातो. फोर, फाइव्ह, सिक्स असं करत आकडा वाढतो तसा लॉफ्ट तीन-चार अंशांनी वाढतो. नाइननंतर पिचिंग वेज. म्हणजे आकडा हे कोनाचं टोपणनाव. पूर्वी मॅशी, निब्लिक अशी नावं होती, ती जाऊन आकडे आले. हेतू चांगला होता, आकड्याला क्रम असतो.

आता बघा. टायटलिस्टच्या २०१९च्या ६२० एमबी सेटमध्ये सेव्हन आयर्न ३५ अंशांचा आहे आणि फाइव्ह २७चा. त्याच कंपनीच्या टी४०० सेटमध्ये सेव्हन आहे २६ अंशांचा! एका सेटचा सेव्हन दुसऱ्या सेटच्या फाइव्हपेक्षाही उभा. टी४००चा पिचिंग वेज ३८ अंशांचा, आणि ६२० एमबीमध्ये ३९ अंश हा एट आयर्न असतो. टेलरमेडही मागे नाही. पी७एमबीचा सेव्हन ३४, स्टेल्थचा २८.

फाइव्हच्या कपाळावर ७ कोरायचा आणि मग जाहिरात करायची की आमचा सेव्हन बघा किती लांब जातो. जाणारच ना!

आमच्या धंद्यात फंक्शनचं नाव तेच ठेवून त्याचं उत्तर गुपचूप बदललं, तर रात्री दोनला फोन येतो. इथे त्यालाच तंत्रज्ञान म्हणतात.

कंपन्यांच्या इंजिनिअरांची बाजू मला मान्य आहे, आणि ती फालतू नाही. नव्या आयर्नमध्ये वजन तळाशी आणि मागे नेलेलं असतं, चेहरा पातळ असतो. त्यामुळे चेंडू मुळातच जास्त उंच उडतो. लॉफ्ट जुनाच ठेवला तर तो नुसता आकाशात चढेल आणि अंतर वाया जाईल. म्हणून कोन कमी केला. ठीक, कोन कमी करा. पण हे उत्तर आहे ‘२६ अंश का?’ या प्रश्नाचं. ‘२६ अंशांवर ७ का?’ याचं उत्तर त्यात कुठेही नाही. शिवाय लॉफ्ट कमी झाला की फिरकीही सहसा कमी होते, चेंडू हिरवळीवर पडून थांबायच्या ऐवजी घरंगळत पुढे जातो. ते जाहिरातीत नसतं.

यात फटका कोणाला बसतो? ज्याच्याकडे पैसे आहेत तो फिटिंगला जातो, यंत्रासमोर चेंडू मारतो, प्रत्येक क्लबचं अंतर लिहून घेतो. त्याच्या क्लबवर ७ऐवजी गणपती कोरला तरी चालेल. फटका बसतो वापरलेले क्लब एकेक करून जमवणाऱ्याला. भारतात कॅडीचं काम करत करत खेळाडू झालेले कितीतरी आहेत. १९९१ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा त्यांतलाच. अशा मुलाने आज एकाकडून सेव्हन आणि दुसऱ्याकडून फाइव्ह घेतला, तर त्याच्या हातात एकाच अंतराचे दोन क्लब येऊ शकतात. पैसे दोनांचे.

आणि खालच्या टोकाला वेगळीच गंमत. पिचिंग वेज ३८चा, सँड वेज नेहमीसारखा ५६चा, तर मध्ये अठरा अंशांचं भगदाड. ते बुजवायला आणखी दोन-तीन वेज विकत घ्या. पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, हा नियम अमेरिकेत १९३८पासून आहे. नियमपुस्तकात चेहरा किती उसळावा याला मर्यादा आहे, चेहऱ्यावरच्या खाचांना आहे. आकड्याला नाही.

मी रत्नागिरीत घरून काम करतो. अंगणात दोन माडांमध्ये बारीक जाळीचं जुनं मासेमारीचं जाळं बांधलंय, त्यात चेंडू मारतो. शेजारचे काका याला ‘कॉम्प्युटरवाल्याचं खूळ’ म्हणतात, म्हणोत. पण जाळ्यात अंतर दिसत नाही. दहा फुटांवर चेंडू अडतो, विषय संपला. तिथे मला क्लबबद्दल कळण्यासारखी एकच गोष्ट उरते, कोन. म्हणून गवंड्याचा ओळंबा लावून क्लब सरळ धरला, चेहऱ्यावर मोबाइल टेकवला आणि कोन मोजला. माझ्याकडचे दोन सेव्हन, एक ३५च्या आसपास, दुसरा २९च्या. अर्ध्या-एक अंशाची चूक धरली तरी हे दोन वेगळे क्लब आहेत.

ज्या गावात मी हे लिहितोय तिथे पेटीवर काय लिहिलंय याला किंमत आहे. चार डझनी पेटी म्हटली की फळ मोठं, आठ डझनी म्हटली की बारीक, हे शेंबड्या पोराला कळतं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकला की आम्ही भांडायला उठतो. त्यासाठी २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो आंबा वाईट असतो असं कोणी म्हणत नाही. त्याच्यावरचं नाव त्याचं नाही, एवढंच म्हणणं. २६ अंशांचा क्लबही वाईट नाही.

उपाय कंपन्यांना ठाऊक आहे, कारण त्या तो करतातच. ड्रायव्हरवर ९ किंवा १०.५ असे सरळ अंश छापतात. वेजवर ५२, ५६, ६० कोरतात. पिशवीच्या दोन्ही टोकांना खरं बोलायचं आणि मधल्या सहा-सात क्लबांवर बाता मारायच्या, हा काय प्रकार आहे? वजन कुठे आहे त्यावर उंची बदलते हे खरं, पण अंश निदान मोजता येतात. ७ कशाने मोजणार?

तोवर वापरलेला क्लब घेताना विकणाऱ्याला मॉडेलचं पूर्ण नाव विचारा. कंपनीच्या साइटवर लॉफ्टचा तक्ता बहुतेक असतो, जरा खाली दडवलेला. नाहीच मिळाला तर ओळंबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मी माझ्या क्लबांवर अंश मार्करने लिहिले होते, पण इथल्या पावसाळी हवेत ते आठवड्यात पुसले गेले. आता बहिणीच्या नेलपॉलिशने लिहिलेत, लाल रंगात, २९ आणि ३५.