गळकी होडी आणि भोकाचा पैसा

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एका होडीला भोकं पडली आहेत. इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. ती शोधायची कशी? होडी पाण्यात लोटून बघायची, असं तुम्ही म्हणाल. पण आत पाणी साचलं, की ते नेमकं कुठून आलं हे कसं कळणार? करा विचार. आई-बाबा शेजारी बसले असतील तर त्यांनाही विचारा. उत्तर पुढे येणारच आहे, पण लगेच खाली बघायचं नाही हं!

मी जुन्नर तालुक्यात, निमगाव सावा इथं राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पट्ट्यात कुकडीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या गाळ्यांमध्ये ढापे बसवतात, पाणी अडतं आणि नदीचा लांबच लांब डोह होतो. मग त्यात रोहू, कटला, चिलापी असे मासे धरणारी माणसं पहाटेच जाळी घेऊन निघतात. पलीकडे आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या जलाशयावर तर ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या आदिवासी कुटुंबांनी स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली आहे. आमच्याकडे असं काही नाही. ज्याचं त्याचं जाळं आणि ज्याचं त्याचं नशीब.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी रोज उशिरा यायची. प्रार्थना संपून, हजेरी होऊन, पहिला पाठ निम्मा झाला की दारात उभी. फ्रॉकला चिखल, केस ओले. मी एकदा रागावले, दोनदा रागावले आणि तिसऱ्यांदा तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ती नदीवर बसती. तिचे दादा पाण्यातनं वर येईस्तोवर उठतच नाही."

तिचे वडील, म्हणजे तिचे दादा, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून जाळी टाकायला जायचे. आदल्या वर्षी ती ट्यूब पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाला लागून फुटली. दादा पोहत काठाला लागले, पण पोरीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ती अंधारातच त्यांच्यामागे जायची आणि काठावर बसून राहायची. नदीच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि आमच्याकडे ऊस म्हटला की बिबट्या आलाच. अशा ठिकाणी नऊ वर्षांची मुलगी एकटी! आणि मी तिला उशीर झाला म्हणून उन्हात उभं केलं होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. "दादा, एखादी होडी का नाही घेत?" मी विचारलं. ते हसले आणि मला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथं एक होडी होती! बारा फुटी, ॲल्युमिनिअमची. कधी काळी भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलेली. बुडाला डांबराचे थर, बसायच्या फळ्या कुजलेल्या आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. "गळती हो बाई," दादा म्हणाले, "किती डांबर फासलं, पण नाहीच."

तर रविवारपासून आम्ही कामाला लागलो. दादा, ती मुलगी, मी आणि सूचना द्यायला तिची आजी. कोंबडीची सोय आधी करावी लागली.

डांबर लाकडी पट्ट्यांनी खरवडून काढलं. लोखंडी तारेचा ब्रश वापरायचा नाही, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात. मग साबणानं धुतली आणि आता आपलं कोडं आलं. होडी जुन्या टायरांवर उचलून ठेवली आणि आत पाणी ओतलं. होय, बाहेर नाही, आत! वीस बादल्या. होडीत चार बोटं पाणी झालं असेल. मग आम्ही सगळे खाली वाकून बघत बसलो. थेंब जिथून टपकला तिथं खडूनं गोल. सतरा गोल झाले. पाणी याहून जास्त भरायचं नाही. वीस बादल्या म्हणजे जवळजवळ तीनशे लिटर, तेवढंच किलो. नदीत असताना बाहेरचं पाणी होडीला सगळीकडून आधार देतं, टायरांवर तसा आधार नसतो.

बहुतेक गोल रिव्हेटांपाशी होते. रिव्हेट कळले ना? स्वयंपाकघरात जा आणि ॲल्युमिनिअमच्या कढईचा कान बघा. तो ज्या गोल डोक्याच्या खिळ्यांनी बसवलेला असतो, तेच रिव्हेट. होडीचे पत्रे असेच एकमेकांवर ठेवून जोडतात. विमानाचेही जोडतात! अमेरिकेतल्या ग्रुमन नावाच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनत. युद्ध संपत आलं तसं त्यांनी त्याच कारागिरीनं ॲल्युमिनिअमच्या छोट्या होड्या बनवायला सुरुवात केली.

आता माझी फजिती सांगते. मी हौसेनं बाजारातून चकचकीत लोखंडी बोल्ट आणि रंगारी वापरतात तसली लांबी आणली. सैल रिव्हेट काढून बोल्ट आवळले, वर लांबी भरली. छान दिसत होतं. बेल्ह्याच्या आठवडे बाजारात पातेल्यांना मुठी बसवून देणारे एक चाचा आहेत. ते बघायला आले आणि म्हणाले, "बाई, हे सगळं काढा."

"का हो चाचा?"

"होडी पाण्यात गेली की हलती, वाकती. लांबी वाळून दगड झाली, ती तडकणार. आणि लोखंड ॲल्युमिनिअमला खातं."

लोखंड खातं? मी विज्ञान शिकवणारी बाई, पण मला चटकन उमगलं नाही. मग चाचांनी होडीच्या नाकाडापाशी बोट ठेवलं. तिथं बोल्टनं घट्ट बसवलेला एक भोकाचा पैसा होता. तुमच्या पणजोबांच्या वेळचा! १९४३ ते १९४७ या काळात आपल्याकडे मधे मोठं भोक असलेले पैसे निघाले होते. ते कांशाचे, म्हणजे बहुतांश तांब्याचे असत. होडी घेतली तेव्हा आजीनं तो शुभ म्हणून लावला होता. चाचांनी तो सोडवला. खालचा पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झाला होता. बोट लावलं तर आरपार गेलं. सगळ्यात मोठं भोक आजीच्या पैशाखालीच!

असं का झालं? मोठ्या मुलांनी लिंबाचा सेल केला असेल. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसला की थोडीशी वीज तयार होते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांत पाणी आलं, की असाच सेल तयार होतो आणि दोघांपैकी एक धातू झिजत जातो. तांबं आणि ॲल्युमिनिअम यांच्यात झिजतं ते ॲल्युमिनिअम. लोखंडाबरोबरही तेच होतं, फक्त सावकाश. एरवी ॲल्युमिनिअम मोठं चिवट. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र पोपडे होऊन गळत जातो. चिंच-आमसुलाचं सार ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात ठेवू नको असं आजी म्हणते ना? आंबट पदार्थ हाच थर विरघळवतात.

दादांची आजी मात्र हिरमुसली. "माझ्याच हातानं भोक पाडलं म्हणायचं का?" असं दोनदा म्हणाली. नात म्हणाली, "पैशाला आपण दुसरी जागा देऊ ना आजी." कुठे, ते सांगते पुढे.

माझे बोल्ट काढले. चाचांनी ॲल्युमिनिअमचेच रिव्हेट आणले. रिव्हेट एकट्यानं बसत नाही बरं का. एकानं बाहेरून त्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतून हातोडीनं ठोकून त्याची दुसरी टोपी करायची. ठोकळा धरायचं काम मुलीचं. कानांत कापूस, डोळ्यांना चष्मा. काही रिव्हेट नुसते पुन्हा ठोकून घट्ट झाले. पैशाच्या भोकाला जाड पत्र्याचं ठिगळ लावलं, मधे रबरासारखं मऊ राहणारं सीलंट भरलं. पुन्हा वीस बादल्या. तीन गोल उरले. पुढच्या रविवारी एकही नाही!

रंग दिलाच नाही. ॲल्युमिनिअमला त्याची गरज नसते आणि पैसेही उरले नव्हते. एके काळी हा धातू इतका दुर्मीळ होता, की १८८४ साली वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाचं टोक मुद्दाम ॲल्युमिनिअमचं केलं. मग १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न सांगता, विजेच्या साह्यानं तो स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. आहे की नाही गंमत?

आता गणित. होडी उलटली, पाण्यानं भरली, तरी बुडू नये यासाठी काय करायचं? कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर तिचं वजन भरलं ६० किलो. ॲल्युमिनिअम पाण्याच्या २.७ पट जड, म्हणजे ६० किलो पत्रा स्वतः साधारण २२ लिटर पाणी बाजूला सारतो. उरले ३८ किलो. बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा पाच किलोला तोलून धरतो. मग डबे किती? आठ. आम्ही सोळा बांधले, फळ्यांच्या खाली, कारण होडीला धरून राहणाऱ्या माणसांचाही विचार करायला हवा. शिवाय दोन लाइफ जॅकेट घेतली. त्यात चालढकल करू नका असं मी दादांना चार वेळा सांगितलं. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात होडी उलटून माणसं गेली, ते तुमच्या आई-बाबांना आठवत असेल.

होडी झाली, पण ती नदीवर न्यायची कशी? आणि पावसाळ्याआधी ढापे काढले की पाणी ओसरतं, तेव्हा घरी आणायची कशी? म्हणून गाडा हवा. एका टेम्पोचा जुना ॲक्सल आणि दोन चाकं मिळाली. गावातल्या वेल्डिंगवाल्या काकांनी अँगल जोडून सांगाडा केला. होडी लोखंडावर टेकू नये म्हणून दोन लांब लाकडं आडवी घातली. त्यांवर मी गोणपाट गुंडाळायला निघाले होते, तर काका म्हणाले, "गोणपाट भिजलं की भिजलेलंच राहतं. टायरची पट्टी ठोका." दुसऱ्यांदा फजिती.

तिसरी फजिती मात्र सगळ्यांची. ॲक्सल बरोब्बर मध्यावर बसवला होता. होडी चढवली, दादांनी मागच्या बाजूला ओली जाळी टाकली आणि गाड्याची दांडी टुणकन आभाळाकडे! होडी मागे घसरून थेट आजीच्या शेणीच्या ढिगात. शाळेतला सी-सॉ आठवा. मागचं पारडं जड झालं की पुढचं वर जाणारच. म्हणून ॲक्सल वीतभर मागे सरकवला, म्हणजे वजनाचा थोडा भार, साधारण दहावा हिस्सा, नेहमी पुढच्या दांडीवर राहतो. आता एक माणूस दांडी धरतो, दुसरा मागून ढकलतो. शेजारच्यांनी आपला घाटातला बैल जुंपायची तयारी दाखवली होती, पण शर्यतीचा बैल होडी घेऊन सुटला तर धरायचं कुणी? (पालकांसाठी: असा गाडा मोटारीमागे जोडून रस्त्यावर न्यायचा असेल तर त्याची रीतसर नोंदणी लागते. आम्ही तो हातानंच ओढतो.)

फेब्रुवारीत होडी पाण्यात उतरली. अर्धा तास आम्ही नुसते तळाकडे बघत होतो. कोरडी! भोकाचा पैसा आता गाड्याच्या दांडीला सुतळीनं बांधला आहे. तिथून त्याला पाणी लागत नाही, आणि आजी रोज त्याला हळद-कुंकू लावते. मुलगी अंधारात नदीवर जात नाही. रविवारी उजाडल्यावर जाते, तेही जॅकेट घालून. शाळेत ती प्रार्थनेला हजर असते. मी वर्गासमोर तिची माफी मागितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, मी एक विचारू?"

तिचा प्रश्न असा: होडीत नांगराचा मोठा दगड आहे. तो उचलून पाण्यात टाकला आणि तळाला गेला, तर डोहाचं पाणी वर चढेल, खाली उतरेल की तेवढंच राहील?

वर्गात तीन गट पडले आणि भांडण अजून चालू आहे. तुम्ही बादलीत वाटी तरंगवा, वाटीत दगड ठेवा, पाण्याच्या रेषेला खूण करा आणि बघा. उत्तर पुढच्या अंकात.