डिस्चार्ज बुकातला कोरा रकाना

आपल्या भागातल्या फौजी घरांत माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक हमखास असते. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत जुना कोट, पलटणीचा ग्रुप फोटो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. दसऱ्याला ट्रंक पुसली जाते, तिला हळद-कुंकू लागतं, पण ते पुस्तक उघडून वाचतंय कोण? त्यात मिळालेल्या मेडलांची नोंद असते. तुमच्या घरातल्या पुस्तकात त्या रकान्यात काय लिहिलंय ते एकदा बघा, असं सांगायचं म्हणून आज हा विषय घेतला. घरचा माणूस रिझर्व्हिस्ट असेल तर जरूर बघा.

रिझर्व्हिस्ट हा शब्द आताच्या मुलांना ठाऊक नाही. पूर्वी शिपायाची नोकरी दोन भागांची असे. पायदळात अनेकांची सात वर्षं पलटणीत, तिला कलर सर्व्हिस म्हणत, आणि पुढची आठ वर्षं रिझर्व्हमध्ये. रिझर्व्हमधला माणूस गावी येऊन शेती करायचा, गुऱ्हाळावर जायचा, ठरल्या वेळी ट्रेनिंगला हजर व्हायचा आणि सरकारचं बोलावणं आलं की बैलं भावाच्या हवाली करून निघायचा. कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८८८चा. १९६५ आणि १९७१च्या लढायांत असे कितीतरी जण परत बोलावले गेले. दोन्ही मिळून पंधरा वर्षं भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन.

घोळ होतो तो नेमका ह्या दुसऱ्या बोलावण्याच्या वेळी. फौजेत शिपायाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, मेडल, ते ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या हुकमात छापलं जातं आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिसातल्या त्याच्या कागदात उतरतं. कायमच्या पलटणीतल्या माणसाचे हे कागद सरळ चालतात. रिझर्व्हमधून परत आलेला माणूस कुठल्या तरी दुसऱ्याच युनिटला जोडला जायचा. लढाई संपली, काही महिन्यांनी तो घरी. मेडलांच्या याद्या त्यानंतर तयार व्हायच्या. त्या वेळी त्याच्यासाठी कंपनी ऑफिसात खेपा घालणारं कोणी उरलेलं नसायचं. जुनी पलटण म्हणायची तो आमच्याकडे नव्हता, नवी म्हणायची तो आता आमच्याकडे नाही.

मेडल म्हटलं की लोकांना परमवीर आणि वीर चक्रच आठवतं. ती शौर्याची. पण लढाईच्या काळात नोकरी केली म्हणून मिळणारी मेडलं वेगळी, आणि ती हक्काची. १९६५साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ ह्या काळात नोकरीत असलेल्यांना संग्राम मेडल. ह्यात रिझर्व्ह आणि टेरिटोरियल आर्मीचे लोकही आले. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ला जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. म्हणजे १९७१ला बोलावलेला माणूस परत घरी कधी सोडला, ती एक तारीखसुद्धा महत्त्वाची. जुलैत सोडला असेल तर एक मेडल कमी, सप्टेंबरात सोडला असेल तर एक जास्त.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आज्जा राहतात. भरती १९६१ची, रिझर्व्हमध्ये गेले १९६८ला, १९७१ला परत बोलावणं, १९७६ला कायमचे मोकळे. पंधरा वर्षं भरली, पेन्शन चालू आहे. पुस्तकात १९६५चं रक्षा मेडल लिहिलेलं आहे. १९७१चं काहीच नाही. माणूस पंजाबच्या सरहद्दीवर थंडीत खंदकात बसून आला आणि कागद म्हणतो तो गावी होता.

आज्जांचं म्हणणं, “होगलि बिडु.” पैशाचा संबंध नाही, आता ह्या वयात कशाला. आपल्याकडची म्हातारी माणसं मराठीत भांडतात आणि सोडून द्यायचं झालं की कन्नडमध्ये सोडून देतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. पण २०२१ साली १९७१च्या विजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा गावोगावी त्या लढाईतल्या जवानांचे सत्कार झाले. एका कार्यक्रमात नावं मेडलांच्या यादीवरून काढली होती. आज्जांचं नाव त्यात नव्हतं. ते मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवून आले. घरी आल्यावर नातीनं विचारलं, “आज्जा, तुम्ही गेला नव्हता होय लढाईला?” त्या प्रश्नानंतर त्यांनी स्वतःच ट्रंक खाली काढायला लावली.

नातीनं अर्ज केला. उत्तर आलं की १९७१ साली कोणत्या युनिटला जोडले होते ते पुराव्यासह कळवा. आज्जांना कंपनी कमांडरचा चेहरा आठवतो, लंगरातल्या डाळीची चव आठवते, पण युनिटचा नंबर धड आठवेना. तो सापडला आज्जींच्या डब्यात. आज्जी धारवाडकडच्या, माहेर पूर्ण कन्नड. आज्जांची मराठी पत्रं त्यांना तेव्हा वाचता येत नव्हती, शेजारची काकू वाचून दाखवायची. पण पत्र वाचता येत नाही म्हणून कोणी टाकून देतं का? सगळी आंतर्देशीय पत्रं त्यांनी जपून ठेवली होती. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता: नंबर, नाव, कंपनी, युनिट, मार्फत ५६ एपीओ. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, डिसेंबर १९७१. रेकॉर्ड ऑफिसला ह्याच्याहून चांगला धागा कुठला हवा! त्या युनिटचे जुने हुकूम कुठे शोधायचे ते त्यावरून कळलं.

संग्राम मेडलची नोंद आता झाली आहे. पश्चिमी स्टारचं अजून चालू आहे, कारण त्याला नुसती नोकरी पुरत नाही, ठरलेल्या भागात हजर असल्याचं दाखवावं लागतं.

ह्यात एक गोष्ट लोक उलटी करतात. कॅम्पातल्या दुकानात मेडलं विकत मिळतात, मुलगा हौसेनं आणतो आणि फ्रेममध्ये लावतो. फ्रेम छान दिसते, पण सरकारकडून मिळालेल्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, दुकानातल्याची कड कोरी. म्हणून मेडल मागू नका, आधी नोंद मागा. नोंद झाली की मेडलचा हक्क आपोआप उभा राहतो. मेडल मिळालं होतं पण हरवलं, हा प्रकार वेगळा. तिथे पोलिसांकडची तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि पैसे भरून दुसरी प्रत असा रस्ता आहे. अर्जात हे दोन्ही एकत्र कालवले की कारकून गोंधळतो आणि कागद परत येतो.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण, ती म्हणजे नाव आणि गाव. १९५५ला भरती झालेल्या माणसाच्या कागदावर राज्य मुंबई, १९६०च्या भरतीवाल्याचं म्हैसूर, १९७३च्या नोव्हेंबरनंतर कर्नाटक, आणि २०१४पासून बेळगावचं स्पेलिंगही बदललं. चंदगड तालुका १९५६च्या आधी बेळगाव जिल्ह्यात होता, आता तो कोल्हापुरात. गाव जागचं हललं नाही, पत्ता चार वेळा हलला. नावाचं त्याहून अवघड. भरतीच्या वेळी कारकुनाला ऐकू आलं तसं त्यानं इंग्रजीत लिहिलं. मग रेशन कार्डावर ते कन्नडमध्ये गेलं, आणि आधारवर कन्नडमधून परत इंग्रजीत आलं. लक्ष्मणचं स्पेलिंग ह्या प्रवासात तीन तऱ्हेचं होतं. कुठे मारुती, कुठे मारुतेप्पा. तहसीलदार कचेरीत “हेसर तप्प ऐती” म्हणून खिडकीवरून किती जण परत फिरले असतील!

बायकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. नवरा गेल्यावर त्याच्या नोंदीसाठी पत्नी किंवा मुलगा अर्ज करू शकतो, पण आधी ती त्याचीच पत्नी हे कागदावर जुळावं लागतं. हे काम नवरा हयात असताना करून ठेवणं शंभर पटींनी सोपं. त्याची एक सही पुरते.

फौजेच्या कागदातलं स्पेलिंग मूळ धरा आणि बाकीच्या कागदांतल्या फरकासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा. उलट करायला गेलात, म्हणजे आधारवर आहे म्हणून साठ वर्षांपूर्वीचं फौजेतलं नाव बदला म्हणालात, तर नोंद राहिली बाजूला आणि नावाचीच वेगळी केस उभी राहील.

अर्ज जातो तो ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून माणूस बाहेर पडला तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं नशीब की त्यांचं ऑफिस इथेच बेळगावात. तोफखान्यावाल्यांनी नाशिक रोड कॅम्पला लिहायचं, मद्रास इंजिनिअर ग्रुपवाल्यांनी बेंगळूरला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी खडकीला, ईएमईवाल्यांनी सिकंदराबादला, सिग्नलवाल्यांनी जबलपूरला, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला. अर्जात कहाणी नको. नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, रिझर्व्हमध्ये गेल्याची, परत बोलावल्याची, परत सोडल्याची आणि कायमची सुटका झाल्याची तारीख, कुठल्या युनिटला जोडले होते, आणि कुठल्या मेडलची नोंद राहिली. एवढं एका पानात. सोबत डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स, मूळ पुस्तक कधीही नाही. ते लॅमिनेटही करू नका, मागचे शिक्के दिसेनासे होतात. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवली तर बरं, आणि दुसरी स्पीड पोस्टनं स्वतः टाका, पोचपावती जपा. उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर आपल्या कागदांची प्रत मागता येते. कोरा रकाना पाहून कल्पना करत बसण्यापेक्षा ऑफिसात नेमकं काय लिहिलंय ते एकदा बघितलेलं बरं.

घाई कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी एक नियम सांगते. ज्यांना पेन्शन लागू झालं नाही अशांचे कागद लष्कराच्या नियमाप्रमाणे पंचवीस वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. पुढे राहतो तो ‘लाँग रोल’, त्यात फार थोडी माहिती असते. पंधरा वर्षं भरायच्या आत रिझर्व्हमधून सुटलेल्यांच्या बाबतीत तुमच्या ट्रंकेतलं पुस्तक हाच कदाचित उरलेला एकमेव पूर्ण कागद असेल. तुम्ही त्याला वाळवीपासून वाचवलं नाही तर दुसरी प्रत जगात नाही.

टेरिटोरियल आर्मीत असलेल्यांनी, आणि कोल्हापूरच्या १०९ बटालियनमुळे आपल्या भागात असे पुष्कळ आहेत, आणखी एक ध्यानात ठेवावं. नेहमीच्या फौजेतून निवृत्त झालेला माणूस माजी सैनिक ठरतोच. टेरिटोरियलवाल्याला केंद्राच्या व्याख्येत बसायला पेन्शन लागतं, किंवा नोकरीमुळे आलेलं अपंगत्व, किंवा शौर्यपदक. म्हणजे शौर्यपदक मिळालेल्या माणसाची नोंद नीट नसेल तर त्याचं माजी सैनिकपणच अडतं, आणि त्यासोबत नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतीही. इथे एका ओळीला पैशाचं मोल आहे.

नकार आला तर कारण लेखी मागा. तोंडी “होत नाही” ह्याला काही अर्थ नाही. लेखी नकारावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं, मुदत साधारण सहा महिन्यांची, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागावी लागते. इथेही सीमा आड येतेच. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला कर्नाटकासाठीचं कोची खंडपीठ, आणि पलीकडे चंदगडात राहणाऱ्या त्याच पलटणीतल्या दोस्ताला मुंबई. दोघांचं डिस्चार्ज बुक सारखं, खंदक सारखा, वकील मात्र दोन वेगळ्या गावांत शोधायचे. तिथवर जायची वेळ बहुतेकांना येऊ नये. युनिटचं नाव आणि तारखा पुराव्यासह दिल्या तर पुष्कळशी कामं रेकॉर्ड ऑफिसातच होतात.

आणि हो, प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये केलंत तर सोबत साक्षांकित इंग्रजी भाषांतर जोडा, मराठीत केलंत तरी जोडा. नाशिक रोडच्या कारकुनाला कन्नड येत नाही आणि जबलपूरच्याला दोन्ही.