इवल्या काचेवरील छटा

भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या परिसरातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली सर्वांसाठी खुले झाले. तेथील जहाजांच्या आणि नाना व्यवसायांतील माणसांच्या लघुप्रतिकृतींपुढे आबालवृद्ध सारखेच रेंगाळतात. प्रतिकृती लहान असली की पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप तिच्या आत शिरू पाहते. घरी प्लास्टिकच्या संचातून मोटार वा विमान जोडणाऱ्या मुलालाही हीच ओढ असते. खिडक्यांच्या पारदर्शक तुकड्यांना छटा देण्याचे काम त्यामुळेच नाजूक ठरते. अनेक संध्याकाळी खपून रंगवलेली आसने आणि स्टिअरिंग एका गडद थराने दिसेनाशी होतात. शिवाय संचात समोरची काच एकच असते. ती बिघडली तर बदली मिळणे कठीण.

या कामात एक साधे गणित उपयोगी पडते. रंगाचा एक थर शंभरातील ऐंशी भाग प्रकाश पलीकडे जाऊ देत असेल, तर दोन थरांतून चौसष्ट आणि तीन थरांतून सुमारे एक्कावन्न भाग जातो. पण बाहेरून आत पाहणाऱ्याला दिसणारा प्रकाश काचेतून दोनदा गेलेला असतो: एकदा आत जाताना, एकदा परत येताना. म्हणून पन्नास टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेमागील आसन पाव उजेडातच दिसते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाने पुढच्या व मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश जाणे आवश्यक ठरवले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. हे आकडे गाडीची काच कशी असावी ते सांगतात. प्रतिकृतीत मात्र त्याहूनही फिकी छटा ठेवावी. कारण तिचा आनंद बाहेरून आत डोकावण्यात आहे.

कोणत्या काचेला कोणता रंग, हे आधी ठरवावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची प्रतिकृती असेल, तर काचा जवळजवळ स्वच्छच ठेवाव्यात. साध्या काचेतील लोहांशामुळे तिची कड हिरवट दिसते. तेव्हा तुकड्याच्या कडेवरून पातळ हिरव्या रंगाची एक रेघ फिरवली तरी प्लास्टिकला काचेचे रूप येते. अलीकडच्या मोटारीला फिकी धुरकट छटा शोभते. अनेक एफ-१६ विमानांच्या कॅनॉपीवर रडारच्या लहरी आत शिरू नयेत म्हणून विद्युतवाहक धातूचा अतिपातळ लेप असतो. तेथे धुरकट रंगात किंचित पिवळा मिसळून सोनेरी झाक आणावी.

आता प्रत्यक्ष कृती. तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावा. साच्याचे तेल राहिले तर रंग फाटतो. पाण्यात पातळ होणाऱ्या चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये पारदर्शक रंगाचे एक-दोन थेंब मिसळावेत. धुरकट रंग तयार मिळाला नाही, तर काळ्याचा एक थेंब आणि तपकिरीचा लवलेश पुरतो. संचाच्या चौकटीतील उरलेल्या पारदर्शक काडीवर आधी चाचणी घ्यावी. तुकडा मिश्रणात बुडवून सावकाश बाहेर काढावा, उभा धरावा आणि खालची कड टिपकागदाला टेकवावी. जादा रंग तेथून ओघळून निघतो. नाहीतर तो कोपऱ्यात साचून डाग पडतो. मग धूळ बसू नये म्हणून डब्याने झाकून रात्रभर ठेवावे. ब्रशने किंवा फवाऱ्याने रंगवायचे असल्यास आतील बाजू रंगवावी, म्हणजे बाहेरची चकाकी अबाधित राहते. दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यावा. चूक झाली तर रंग ओला असतानाच पाण्याने धुऊन टाकावा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य वापरू नये. त्यातील ॲसिटोनने प्लास्टिक विरघळून कायमचे पांढुरके होते.

भायखळ्यासारख्या सागराजवळच्या वस्तीत जुलै-ऑगस्टची दमट हवा ध्यानात घ्यावी लागते. या दिवसांत पाण्याचा रंग सावकाश वाळतो आणि स्प्रेच्या डब्यातील वार्निशवर ओलाव्याने दुधाळ पापुद्रा येतो. शक्य असेल तर हे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे. स्प्रे वापरताना खिडकी उघडी असावी आणि लहान मुलांसोबत घरातील मोठे माणूस असावे.

तुकडा शेवटी फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाने बसवावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ काचेवर पांढरी साय धरते.

काच बसवण्यापूर्वी मुलाला एक सवय लावावी. छटा दिलेला तुकडा नुसताच जागेवर ठेवून, घरातल्या दिव्याखाली आतील आसने ओळखू येतात का, ते त्याने पाहावे. ओळखू येत असतील तर पुढचा थर देऊ नये. थर वाढवणे उद्याही शक्य असते. वाळलेला थर कमी करणे मात्र फार अवघड.